चाळिशीनंतर पळावे की नाही?



या पानावर आपण आजवर बेणेप्रक्रिया, खोडवा, ठिबक, हुमणी असेच विषय वाचत आला आहात. ऊस विकास खात्याच्या माणसाने पळण्याच्या व्यायामावर लिहावे याचे काहींना नवल वाटेल. काही म्हणतील, हंगाम संपला, साहेबांना काम उरले नाही वाटते! तसे नाही. ऊस ज्याच्या जिवावर उभा राहतो तो सभासदच पन्नाशीत खचू लागला, तर एकरी टनेज वाढवून उपयोग काय? म्हणून या अंकात पिकाचा विषय बाजूला ठेवून पीक घेणाऱ्याविषयी लिहीत आहोत. आमचे म्हणणे थोडक्यात असे की, आपल्या सभासदांनी चाळिशी उलटल्यावरसुद्धा पळायला शिकावे, आणि ते घाईने नव्हे, तर उसाच्या पिकासारखे बेताबेताने शिकावे.

नोंदवहीतील बदललेली नावे

दर हंगामात लागणीच्या नोंदी घेताना आम्हाला जुनी वही सोबत ठेवावी लागते. गट नंबर तोच असतो, विहीर तीच असते, पण नाव बदललेले असते. वडिलांच्या जागी मुलाचे, नवऱ्याच्या जागी बाईचे. पिकल्या वयात गेलेल्यांचे वारस लागतात, ती जगरहाटीच आहे. पण मागल्या हंगामात तोडणीच्या तारखेवरून आमच्याशी कडाकडा भांडलेला पन्नाशीतला गडी हृदयविकाराने गेला आणि आता शेअरला वारस लावायचा आहे, असे ऐकले म्हणजे मन विषण्ण होते. बांधावर चहाला बसावे तर दहातले दोघे-तिघे ‘बिनसाखरेचा करा’ म्हणतात. साखर कारखान्याच्या मालकांनीच साखरेला भ्यावे असे दिवस आले आहेत.

हे केवळ आपल्याच भागात आहे असे नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पुढाकाराने झालेल्या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे, आणि सुमारे १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत. हा रोग शहरातल्या गादीवरच्या शेठजींचा, ही समजूत आता सोडून द्यावी हे बरे.

‘शेतकऱ्याला व्यायाम कशाला?’

हा विषय काढला की पहिला प्रश्न हाच येतो. “साहेब, दिवसभर शेतात राबतो, अजून पळायचं कशाला?” प्रश्न रास्त आहे, पण तो वडिलांच्या पिढीने विचारला असता तर अधिक शोभला असता. त्यांनी औत हाकले, डोक्यावरून ओझी वाहिली, बाजाराला चार-चार कोस पायी गेले. आज नांगरट ट्रॅक्टरने, सरी ट्रॅक्टरने, तणाला तणनाशक, तोडणीला टोळी किंवा हार्वेस्टर. मोटार मोबाइलवरून घरबसल्या चालू होते आणि बांधापर्यंत मोटरसायकल जाते. हे सगळे चांगलेच झाले. जुने कष्ट परत यावेत असे आम्ही मुळीच म्हणत नाही.

पण एक गोष्ट ध्यानात घ्यावी. रात्रीच्या लाइटीमुळे पाणी द्यायला उठावे लागते, ते जागरण तसेच राहिले. कर्जाची काळजी, पावसाचा बेभरवसा, पोरीच्या लग्नाची चिंता, सगळे तसेच राहिले. म्हणजे जिवाचा ताण राहिला आणि दम लागेल असे काम मात्र हातातून गेले. घरातल्या बायका अजून खुरपणीला वाकतात, त्यांचे कष्ट वेगळे. पण ज्यांच्या नावावर ऊस आहे, ते पुष्कळसे सभासद आज दिवसभर दमतात ते डोक्याने, पायाने नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितलेले प्रमाण असे आहे: प्रौढ माणसाने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा, नाही तर ७५ ते १५० मिनिटे दम लागणारा व्यायाम करावा. आपल्या आठवड्यात एवढी मिनिटे निघतात का, याचा हिशेब ज्याचा त्याने मांडावा.

पळणे शहरी शौक नव्हे

दुसरा आक्षेप असा की, मॅरेथॉन वगैरे खूळ मुंबई-पुण्याच्या पैसेवाल्यांचे. मुंबईची मोठी मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली, साताऱ्याची डोंगरातली अर्धमॅरेथॉन २०१२ पासून होते, आणि तिथे रंगीत बनियन घातलेले डॉक्टर-वकील पळताना दिसतात हे खरे. पण मूळ पाहू गेल्यास गोष्ट आपल्याकडचीच आहे. १९१९ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांत पळणारे बहुतेक गडी शेतकरी वर्गातले होते. त्यांची चाल पाहूनच सर दोराबजी टाटांच्या मनात आले की आपली माणसे ऑलिंपिकला पाठवावीत. त्यातून १९२० साली अँटवर्पला संघ गेला, आणि बेळगावचे फडेप्पा चौगुले तिथल्या मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले. आज आपल्या मराठवाड्यातला, बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्याचा अविनाश साबळे २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकच्या स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पळाला, तोही कष्टकऱ्याच्याच घरातला.

कुणी म्हणेल, ही तरुणांची उदाहरणे झाली. मग उतारवयातली पाहू.

बारामतीजवळ राहणाऱ्या लता भगवान करे या मूळच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या, मजुरी करून पोट भरणाऱ्या बाई. पती आजारी पडले, तपासण्यांना पैसे नव्हते. २०१४ च्या सुमारास बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये ज्येष्ठांसाठी तीन किलोमीटरची शर्यत आहे आणि पाच हजारांचे बक्षीस आहे असे कळले. वयाची साठी उलटलेली ही माउली नऊवारी लुगड्यात, अनवाणी पळाली आणि पहिली आली. पुढेही तिने ही शर्यत जिंकली. तिच्यावर २०२० साली चित्रपट निघाला, त्यात तिने स्वतःच स्वतःची भूमिका केली आणि राष्ट्रीय पुरस्कारांत तिचा विशेष उल्लेख झाला.

या गोष्टीचे कौतुक सगळ्यांनी केले, आम्हीही करतो. पण नुसत्या कौतुकावर थांबणे आम्हाला पटत नाही. त्या बाईला हौस म्हणून पळायचे नव्हते, तपासणीच्या पैशासाठी पळावे लागले. आपल्यापैकी ज्याच्या घरात तशी वेळ अजून आलेली नाही, त्याने ती येऊ नये किंवा उशिरा यावी म्हणून पळावे, हा त्यातला धडा आहे. दवाखान्याची पायरी चढली की उसाच्या बिलाचे काय होते, हे सभासदांना आम्ही सांगण्याची गरज नाही.

परदेशातली दोन नावेही सांगतो, कारण दोघेही शेतकरी. पंजाबातल्या जालंधरजवळचे फौजासिंग म्हातारपणी मुलाकडे इंग्लंडला गेले. पत्नी गेली, नंतर तरणाताठा मुलगा अपघातात गेला. त्या दुःखात ते पळू लागले आणि २००० साली, पारपत्रातील जन्मसालाप्रमाणे ८९ व्या वर्षी, त्यांनी लंडनची मॅरेथॉन पुरी केली. मॅरेथॉन म्हणजे ४२.१९५ किलोमीटर, ढोबळमानाने वसमतहून नांदेड गाठण्याइतके अंतर. २०११ साली शंभराव्या वर्षी टोरांटोची मॅरेथॉनही त्यांनी पार केली. जन्माचा दाखला नसल्यामुळे विक्रमांच्या पुस्तकात नाव लागले नाही. आपल्याकडच्या जुन्या माणसांची जी अडचण, तीच त्यांची!

दुसरे ऑस्ट्रेलियातले क्लिफ यंग. बटाट्याची शेती आणि मेंढरे. १९८३ साली ६१ व्या वर्षी हा गडी सिडनी ते मेलबर्न या ८७५ किलोमीटरच्या शर्यतीत उतरला. लोक हसले. पाय फरफटवत चालल्यासारखी त्याची धाव होती. पण बाकीचे झोपले तेव्हाही हा पळत राहिला आणि ५ दिवस १५ तासांत तरण्याबांड गड्यांना मागे टाकून पहिला आला. बक्षिसाची रक्कमही त्याने सोबतच्यांत वाटून टाकली. आमच्या मते यातले घेण्यासारखे एवढेच की, हळू पळणे म्हणजे कमीपणा नव्हे.

युरियाचा हप्ता आणि धाव

आता मुख्य मुद्दा, सुरुवात कशी करावी. आम्ही स्वतः त्रेचाळिसाव्या वर्षी सुरुवात केली. शाळा सोडल्यापासून एस.टी. पकडण्यापलीकडे कधी पळालो नव्हतो. कालव्याच्या सेवारस्त्यावर पहिल्या दिवशी दिसलो तेव्हा एका वस्तीवरून हाक आली, “कामून पळायलात साहेब? तोडीची चिठ्ठी घेऊन चाललात काय? आमच्याकडं थांबा की!” लोक आठ-पंधरा दिवस हसतात. नंतर त्यांना सवय होते. पुढे त्याच वस्तीवरचे दोघे पहाटे वाट बघू लागले. आज सलग पाच-सहा किलोमीटर आम्ही सावकाश पळतो. यात बहाद्दुरी काही नाही, बेत सांभाळला एवढेच.

हा बेत सभासदांना समजायला सोपा आहे, कारण तो आपण उसात पाळतो. उसाला नत्र एकदम देत नाही. लागणीच्या वेळी १० टक्के, सहा ते आठ आठवड्यांनी ४० टक्के, बारा ते सोळा आठवड्यांनी १० टक्के आणि मोठ्या बांधणीला उरलेले ४० टक्के, अशी शिफारस आहे. सगळा युरिया सुरुवातीलाच ओतला तर ऊस काळाभोर दिसतो खरा, पण पोसवत नाही, वाऱ्यात लोळतो आणि पैसा पाण्याबरोबर वाहून जातो. शरीराचेही असेच आहे. पळू लागल्यावर दम सुधारतो तो काही आठवड्यांतच. आपल्याला वाटते, जमले! पण गुडघ्याभोवतीचे सांधे, घोट्यामागची शीर, नडगीचे हाड यांना घट्ट व्हायला महिने लागतात. दम म्हणतो ‘पळ’ आणि पाय म्हणतात ‘थांब’. त्या वेळी पायांचे ऐकावे. आमच्या ओळखीच्या एका सभासदाने भारीचे बूट आणून पहिल्याच दिवशी पाच किलोमीटर मारले. पुढे महिनाभर ते लंगडत होते आणि बूट पोराच्या पायात गेले.

आम्हाला लागू पडलेला क्रम असा:

पहिले चार आठवडे नुसते भरभर चालावे, रोज अर्धा तास. ज्यांनी वारी केली आहे त्यांना हे जड नाही. शेगावच्या श्री गजानन महाराजांची पालखी सेनगाव, नरसी, औंढा, जवळा बाजार अशी आपल्याच जिल्ह्यातून पंढरीला जाते. साठीतले वारकरी रोज कोसन्‌कोस चालतात ते आपण पाहतोच. चालणे हा पळण्याचा पाया आहे.

पाचव्या आठवड्यापासून चार मिनिटे चालावे, एक मिनिट हळू पळावे, असे पाच-सहा वेळा करावे. हे एक दिवसाआड, आठवड्यातून तीनच दिवस. मधल्या दिवशी चालणे किंवा विसावा. दर दोन आठवड्यांनी पळण्याचे एक मिनिट वाढवावे. दुखले तर मागच्या पायरीवर यावे. अशा रीतीने पाच-सहा महिन्यांत सलग अर्धा तास पळता येते. घाई कोणाला आहे? आडसाली ऊस आपण वर्ष-दीड वर्ष सांभाळतोच ना!

वेग किती? शेजारच्याशी दोन वाक्ये बोलता येतील एवढाच. बोलताना धाप लागली तर वेग जास्त झाला असे समजावे. फक्त बोलताना ऊसदराचा विषय काढू नये, त्याने बसल्या जागीही धाप लागते.

काही सावधगिरी

चाळिशीपुढच्या माणसाने पळण्याआधी डॉक्टरांकडून रक्तदाब, साखर तपासून घ्यावी आणि ते म्हणतील तर ईसीजी काढावा. ज्याला हृदयविकार आहे किंवा गुडघे झिजले आहेत त्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय पळू नये. त्याच्यासाठी चालणेही पुरेसे गुणकारी आहे. छातीत दडपण, डावा हात भरून येणे, दरदरून घाम, चक्कर यांपैकी काही झाले तर तिथेच थांबावे आणि थेट दवाखाना गाठावा. ‘पित्त झालं असंल’ म्हणून सोडा पीत बसू नये.

मधुमेहींना पळणे उपयोगी का, तर स्नायू काम करू लागले की रक्तातली साखर ते थेट ओढून घेतात आणि पळणे थांबल्यावरही काही तास तो गुण टिकतो. पण याच कारणाने, जे इन्सुलिन किंवा काही ठरावीक गोळ्या घेतात त्यांची साखर पळताना एकदम उतरू शकते. हातपाय थरथरतात, अंधारी येते. अशांनी खिशात साखरेची पुडी जरूर ठेवावी. आपल्या कारखान्याची साखर अशाही कामाला येते! मधुमेहात पायाची संवेदना कमी होते, काटा मोडला तरी कळत नाही. म्हणून करेबाईंनी नाइलाजाने केले ते अनवाणी पळणे कोणी अंगीकारू नये. मऊ तळव्याचे साधे बूट पुरतात.

आपल्याकडचा उन्हाळा कडक. तेव्हा दिवस उगवायच्या सुमारास पळून घ्यावे, आधी नंतर पाणी प्यावे. झुंजूमुंजूच्या वेळी उसातून रानडुकरे बाहेर पडतात. सोबत कोणी असावे, हातात बॅटरी व काठी असावी.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे रस्ता. शंभरीतही पळणारे फौजासिंग १४ जुलै २०२५ रोजी आपल्या गावाजवळच्या रस्त्यावर मोटारीच्या धडकेने गेले. वय ११४. इतक्या वर्षांत जे वयाला जमले नाही ते एका भरधाव गाडीने केले. आपल्याकडे हंगामात पहाटेच्या धुक्यात दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर आणि बैलगाड्या रस्त्यावर असतात, कित्येकांना मागे लाल पट्टीसुद्धा नसते. म्हणून डांबरी सडक टाळून पाणंद, कालव्याचा रस्ता किंवा शाळेचे मैदान धरावे. सडकेवर जाणे भागच असेल तर समोरून येणारी वाहने दिसतील अशा बाजूने, म्हणजे उजव्या कडेने जावे आणि अंगात पांढरे कपडे घालावेत. ट्रॉलीवाल्या सभासदांनाही या निमित्ताने विनंती आहे की, मागे परावर्तक पट्ट्या लावाव्यात. पळणाराच नव्हे, दुधाला जाणारे पोरही त्यामुळे वाचेल.

कारखान्याने काय करावे

ही गोष्ट ज्याची त्याने करायची असली तरी संस्थेनेही हात लावावा असे आम्हाला वाटते. माती परीक्षणासाठी आपण शिबिरे घेतो, मातीचा सामू तपासतो, सेंद्रिय कर्ब पाहतो. मग माती कसणाऱ्याचे रक्त वर्षातून एकदा तपासायला काय हरकत आहे? वार्षिक सर्वसाधारण सभेला सभासद मोठ्या संख्येने येतात. त्या दिवशी मंडपाच्या एका बाजूला रक्तदाब आणि साखर तपासणीची दोन टेबले मांडावीत. बिगरहंगामात कारखान्याचे मोकळे आवार पहाटे गावकऱ्यांना चालण्या-पळण्यासाठी उघडे ठेवावे. आणि २६ जानेवारीला चाळिशीवरील सभासदांसाठी, बायका-पुरुष दोघांसाठी, तीन किलोमीटरची धाव ठेवावी. बक्षीस पहिल्याला नको. जो शेवटपर्यंत येईल, चालत का होईना, त्या प्रत्येकाला एक किलो साखर द्यावी. महिला सभासदांना आमचे आवर्जून सांगणे आहे की, त्यांनी संकोच करू नये. लुगड्यात पळता येते हे बारामतीने पाहिले आहे.

शेवटचा आक्षेप वडीलधाऱ्यांचा. “मरण कुणाला चुकलंय? पळणारा काय अमरपट्टा घेऊन येतो?” नाही, आणत नाही. किती वर्षे जगायचे ते आपल्या हाती नाही, व्यायामाने हमी मिळते असेही आम्ही म्हणत नाही. पण असतील तेवढी वर्षे आपल्या पायांनी बांधापर्यंत जाता यावे, नातवाच्या मागे दोन पावले पळता यावे, आणि तोडणीच्या तारखेवरून आमच्याशी भांडायला स्वतःच ऑफिसात येता यावे, एवढे साधले तरी पुष्कळ झाले. वारसाची नोंद एक ना एक दिवस करावीच लागते. ती करण्याची आम्हाला घाई नाही, आपणही करू नये.

तरी सभासद बंधू-भगिनींनी याचा विचार करावा आणि उद्या पहाटेपासून निदान अर्धा तास चालायला सुरुवात करावी, ही नम्र विनंती.

— ऊस विकास अधिकारी